शेअरचा सौदा झाला, माल कुठे आहे?

कापडाच्या बाजारात सौदा तोंडी होतो. दलाल मध्ये बसतो, भाव ठरतो, चहा येतो आणि दोन्ही पार्ट्या उठतात. खरे काम त्यानंतर सुरू होते. तागे मोजायचे, पन्हा पाहायचा, चलान करायचे, टेंपो भरायचा, बिल पाठवायचे आणि मग साठ किंवा नव्वद दिवस पैशाची वाट पाहायची. आम्ही या धंद्यात इतकी वर्षे काढली, त्यात भाव चुकल्यामुळे बुडालेले व्यापारी कमी पाहिले. सौद्यानंतरच्या देवघेवीत बुडालेले जास्त पाहिले.

शेअर बाजारातही हेच आहे. वर्तमानपत्रात रोज सेन्सेक्स किती चढला, किती पडला ते छापून येते. विकणाऱ्याचा माल घेणाऱ्याच्या हाती पडला का, पैसे वेळेवर पोहोचले का, हे मात्र कोणी छापत नाही. या सगळ्या मागच्या कामाला बाजारात सेटलमेंट म्हणतात. आपल्या समाजातील पुष्कळ कुटुंबांनी दोन-तीन शेअर किंवा म्युच्युअल फंड घेऊन ठेवलेले असतात. त्यांचे नुकसान झाले तर ते बहुधा इथेच होते. म्हणून या पानावर आज भावाची नव्हे, या कामाची चर्चा करायची आहे.

मुंबईच्या दलाल स्ट्रीटवर पूर्वी सौदे ओरडून होत. हिशोब पंधरवड्याने किंवा आठवड्याने मिटत असे. ज्याला त्या मुदतीत पैसे किंवा माल द्यायचा नसेल तो बदला लावून सौदा पुढे ढकलत असे. माल म्हणजे कागदाचे सर्टिफिकेट आणि त्याला जोडलेले ट्रान्सफर डीड. ते कंपनीकडे पाठवायचे. तिथे सही जुळत नाही, तिकिटे कमी लागली, डीडची मुदत संपली, अशा कारणांनी कागद परत यायचे. याला बॅड डिलिव्हरी म्हणत. आमच्याकडे तागा कमी पन्ह्याचा निघाला तर व्यापारी दुसऱ्या दिवशी भांडायला येतो. शेअरवाल्याला माल खराब आहे हे कळायलाच दोन-तीन महिने लागत, आणि तोवर भाव कुठच्या कुठे गेलेला असे.

१९९२ सालच्या घोटाळ्याचे नाव काढले की लोकांना हर्षद मेहता आठवतो. पण तो घोटाळा ज्या भोकातून झाला ते भोक सेटलमेंटचे होते, हे फार थोड्यांना ठाऊक आहे. बँका आपसांत सरकारी रोखे विकत. रोखे हातोहात न देता एक पावती देत, की तुमचा माल आमच्याकडे आहे, नंतर देऊ. या पावतीला बँकर्स रिसीट म्हणत. बँक ऑफ कराड आणि मुंबईची मेट्रोपॉलिटन को-ऑपरेटिव्ह बँक या दोन लहान बँकांनी मागे रोखे नसतानाच अशा पावत्या दिल्या. गोदाम रिकामे आणि चिठ्ठी भरलेली! त्या चिठ्ठ्यांवर मोठ्या बँकांनी पैसे मोजले आणि तो पैसा दलालांमार्फत शेअर बाजारात शिरला. रिझर्व्ह बँकेने नेमलेल्या जानकीरामन समितीने हा आकडा सुमारे ४,००० कोटी रुपयांचा सांगितला. बँक ऑफ कराड त्यातच बुडाली. कऱ्हाडच्या आसपासच्या ठेवीदारांचा दलाल स्ट्रीटशी काही संबंध नव्हता, तरी झळ त्यांना पोहोचली.

त्यानंतर सुधारणा झाल्या हे कबूल केले पाहिजे. नॅशनल स्टॉक एक्स्चेंजमध्ये नोव्हेंबर १९९४ पासून शेअरचे सौदे पडद्यावर होऊ लागले. १९९६ साली तिच्या क्लिअरिंग कॉर्पोरेशनचे काम सुरू झाले. ही संस्था प्रत्येक सौद्याच्या मध्ये उभी राहते. घेणाऱ्याला विकणारा तीच आणि विकणाऱ्याला घेणारा तीच. समोरची पार्टी पळाली तरी सौदा पुरा करण्याची जबाबदारी तिची. कापड बाजारात असा कोणी जामीन उभा राहिला असता तर आमचे निम्मे केस पांढरे झाले नसते. त्याच साली नोव्हेंबरमध्ये एनएसडीएल ही डिपॉझिटरी सुरू झाली. शेअर कागदावरून निघून डीमॅट खात्यात गेले आणि बॅड डिलिव्हरीची कटकट हळूहळू संपली.

मग मुदत कमी होत गेली. सौद्याचा दिवस धरून त्यापुढे कामाचे किती दिवस, असा हा हिशोब असतो. २००१ साली पाच दिवस, एप्रिल २००२ पासून तीन, एप्रिल २००३ पासून दोन. फेब्रुवारी २०२२ पासून टप्प्याटप्प्याने एक दिवस आला आणि २७ जानेवारी २०२३ रोजी सगळेच शेअर एका दिवसाच्या हिशोबावर गेले. यालाच टी प्लस वन म्हणतात. अमेरिका यावर २८ मे २०२४ रोजी आली, म्हणजे आपल्यानंतर. युरोपातील देश आणि ब्रिटन यांनी ११ ऑक्टोबर २०२७ ही तारीख ठरवली आहे. २८ मार्च २०२४ पासून आपल्याकडे २५ शेअरमध्ये त्याच दिवशी हिशोब मिटवण्याची ऐच्छिक सोयही सुरू झाली.

वेग वाढला, पण चूक दुरुस्त करायला वेळ उरला नाही. परदेशी फंडांची अडचण पाहा. मुंबईचा बाजार दुपारी साडेतीनला बंद होतो तेव्हा न्यूयॉर्कमध्ये पहाटेचे पाच-सहा वाजलेले असतात. तिथला मॅनेजर उठून सौदा तपासणार, त्याची बँक डॉलरचे रुपये करणार, इथला कस्टोडियन होकार देणार, आणि हे सगळे दुसऱ्या दिवशी माल-पैसे पोहोचण्याआधी. त्यामुळे पुष्कळांना पैसे आधीच आणून ठेवावे लागतात. मोठ्या फंडांकडे माणसे आहेत, ते निभावून नेतात.

लहान माणसाची अडचण वेगळी आहे. आज घेतलेला शेअर उद्या सकाळीच विकून टाकण्याची सवय तरुणांमध्ये फार वाढली आहे. तो शेअर अजून खात्यात आलेला नसतो. ज्याने तो आपल्याला विकला त्याने दिलाच नाही, तर पुढच्याला आपण काय देणार? मग एक्स्चेंज लिलाव करून माल उभा करते आणि फरक विकणाऱ्याच्या माथी मारते. लिलावातही माल मिळाला नाही तर सौद्याच्या दिवसापासून लिलावाच्या दिवसापर्यंतचा सर्वांत चढा भाव किंवा लिलावाच्या दिवशीच्या बंद भावावर २० टक्के, यांत जे जास्त ते भरावे लागते. दोन रुपये नफ्यासाठी केलेल्या सौद्यात असा दंड पडला की पोरगा घरी सांगतसुद्धा नाही.

याहून मोठा धोका मधल्या माणसाचा. खाते उघडताना ब्रोकर पूर्वी मुखत्यारपत्रावर सही घेत असे. विकलेले शेअर काढून द्यायला ते लागते, असे सांगितले जाई. त्याच कागदाच्या आधाराने काय होऊ शकते हे २०१९ साली कार्वी स्टॉक ब्रोकिंगच्या प्रकरणात दिसले. ग्राहकांचे शेअर ब्रोकरच्या खात्यात वळवून कर्जासाठी गहाण टाकले गेले होते. प्रोसेस हाऊसमध्ये रंगायला दिलेला आपला ग्रे माल त्याच्या मालकाने परस्पर बँकेकडे गहाण टाकावा, तसा हा प्रकार. अमानतीत खयानत म्हणतात ती हीच. २२ नोव्हेंबर २०१९ रोजी सेबीने हुकूम काढला आणि पुढच्या दहा-बारा दिवसांत एनएसडीएलने सुमारे ८३ हजार ग्राहकांचे शेअर त्यांच्या खात्यात परत फिरवले. कर्ज देणाऱ्या बँका मात्र न्यायाधिकरणात गेल्या, कारण त्यांच्या दृष्टीने गहाण गहाणच होते.

या प्रकरणानंतर नियम कडक झाले. १ सप्टेंबर २०२० पासून मार्जिनसाठी शेअर द्यायचे तर ते आपल्याच खात्यात राहतात आणि तिथेच गहाणाची नोंद होते. नोव्हेंबर २०२२ पासून विकायचा शेअर सौद्याच्या वेळी आपल्याच खात्यात अडकवून ठेवला जातो. विकत घेतलेला माल ब्रोकरच्या गोदामात न थांबता क्लिअरिंग कॉर्पोरेशनकडून सरळ आपल्या डीमॅट खात्यात यावा, ही व्यवस्था २०२५ साली आली. पण नियम कितीही असोत, डिपॉझिटरीकडून येणारे खात्याचे स्टेटमेंट आपण उघडून पाहणार नसू तर त्यांचा उपयोग काय? ब्रोकरचे ॲप काय दाखवते त्यावर जाऊ नये. एनएसडीएल किंवा सीडीएसएलचे स्टेटमेंट हीच पक्की वही. मोबाइल नंबर आणि ई-मेल स्वतःचा द्यावा, ब्रोकरच्या माणसाचा नव्हे.

आता त्या कामाकडे येऊ ज्यात आपली कुटुंबे सर्वांत जास्त अडकतात. बाजार एका दिवसाचा झाला, पण कपाटातील जुनी सर्टिफिकेटे तिथेच आहेत. १ एप्रिल २०१९ पासून कागदी शेअर दुसऱ्याच्या नावे करणे बंद झाले. वारसाच्या नावे करणे चालू आहे, पण त्याची वाट लांब आहे.

पहिला अडथळा नावाचा. आम्ही उर्दू शाळेत शिकलो. दाखल्यावर नाव उर्दूत होते, ते इंग्रजीत कसे लिहायचे हे त्या-त्या कारकुनाने ठरवले. 'मोहम्मद' हे एकच नाव इंग्रजीत चार-पाच तऱ्हांनी लिहिले जाते, कुठे त्याची नुसती दोन अक्षरे होतात. शेख कुठे आधी, कुठे शेवटी. सर्टिफिकेटवर बापाचे नाव आहे, पॅन कार्डावर नाही, आधारवर तिसरेच काही. माणसाला कळते की हा तोच. कॉम्प्युटर अक्षरे मोजतो. यात कोणाचा आकस नाही. बापाचे नाव मध्ये लावणाऱ्या सगळ्याच मराठी माणसांना हा त्रास होतो, आम्हांला थोडा अधिक.

दुसरा अडथळा सहीचा. १९८० च्या सुमारास आपल्या वडीलधाऱ्यांनी शेअरचे अर्ज भरले तेव्हा कित्येकांनी सही उर्दूत केली. पुढे बँकेने सांगितले म्हणून इंग्रजी सही सुरू झाली. आज कंपनीच्या रजिस्ट्रारकडे उजवीकडून डावीकडे लिहिलेली सही आहे आणि अर्जावर डावीकडून उजवीकडे. यावर उपाय आहे. आयएसआर-१ फॉर्मवर पॅन, पत्ता, बँक खाते यांची नोंद करायची आणि आयएसआर-२ वर आपल्या बँकेकडून सही प्रमाणित करून घ्यायची. पण हे ज्याची सही आहे तो माणूस हयात असेपर्यंतच सोपे आहे.

तो गेल्यावर काय? सही न जुळण्याचा प्रश्न मिटतो आणि वारसांचा उभा राहतो. ठराविक रकमेपर्यंत साध्या कागदांवर काम होते: मृत्यूचा दाखला, प्रतिज्ञापत्र, इतर वारसांची ना-हरकत. त्यावर कोर्टाचा वारस दाखला किंवा तसाच पक्का कागद लागतो. २०२२ साली सेबीने ही मर्यादा कागदी शेअरसाठी एका कंपनीत ५ लाख आणि डीमॅटसाठी १५ लाख रुपये केली. म्हणजे तेच शेअर वडिलांच्या हयातीत डीमॅट केलेले असले तर मुलांचा कोर्टाचा फेरा पुष्कळदा वाचतो. घरात ऐंशीच्या पुढचे कोणी असतील आणि कपाटात सर्टिफिकेटे असतील, तर हे काम ईदनंतर, लग्नसराईनंतर असे पुढे ढकलण्यासारखे नाही.

नॉमिनीबद्दलही फार गैरसमज आहे. मोठ्या मुलाचे नाव घातले म्हणजे शेअर त्याचे, असे घराघरांत धरले जाते. सर्वोच्च न्यायालयाने १४ डिसेंबर २०२३ च्या निकालात स्पष्ट केले की नॉमिनी मालक होत नाही. कंपनी त्याच्या हाती माल देते, पण मालकी वारसा कायद्याप्रमाणे सगळ्या वारसांची. नॉमिनी म्हणजे टेंपोवाला. माल पोहोचवणे हे त्याचे काम. आपल्या शरीयत कायद्यात आईचा, बेवेचा, मुलींचा हिस्सा ठरलेला आहे, तो नॉमिनीच्या फॉर्मने उडत नाही. आम्ही पाहिलेल्या एका घरात बहिणींना ना-हरकतीच्या कागदावर सही करायला सांगितले गेले, तेव्हा शेअर आहेत हेच त्यांना प्रथम कळले. ना-हरकत म्हणजे हक्क सोडणे का, हे विचारूनच सही करावी. २०२५ च्या नियमांप्रमाणे डीमॅट खात्यात दहापर्यंत नॉमिनी टाकता येतात आणि प्रत्येकाचा टक्का लिहिता येतो. ती सोय वापरली तर निदान सगळ्यांना आपले नाव दिसते.

ज्या शेअरवरचा लाभांश सलग सात वर्षे कोणी घेतला नाही ते शेअर कंपनी केंद्र सरकारच्या आयईपीएफ या निधीकडे देते. ते बुडालेले नसतात. त्या निधीच्या वेबसाइटवर नाव शोधता येते आणि आयईपीएफ-५ हा अर्ज भरून शेअर परत मागता येतात. त्या अर्जाला सरकारी फी नाही. भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी कुठेही जा, हे काम करून देतो म्हणणारे एजंट भेटतील आणि ते शेअरच्या किमतीत टक्केवारी मागतात. आधी कंपनीच्या रजिस्ट्रारला फोलिओ नंबर लिहून एक साधे पत्र स्पीड पोस्टाने पाठवावे. शेअर किती, कोणाच्या नावे, नोंदीत काय कमी आहे, हे ते लेखी कळवतात. ते उत्तर हाती आल्यावरच एजंटशी बोलायचे की नाही ते ठरवावे.