कॅनडातील नातलगाचे पाच गुण आणि रायगडची जुनी दप्तरे

रोहा तालुक्यातील धाटावची औद्योगिक वसाहत, नागोठण्याचा पेट्रोकेमिकल प्रकल्प आणि पेण तालुक्यातील डोलवीचा पोलाद कारखाना यांच्यामुळे या दोन तालुक्यांत पदवीधर अभियंते, रसायनज्ञ आणि अनुभवी तंत्रज्ञ यांचा मोठा वर्ग तयार झाला आहे, आणि कुशल मनुष्यबळाला कायमच्या वास्तव्याचा परवाना देणाऱ्या देशांच्या निकषांत बसू शकणारा वर्ग तो हाच होय. अशा अर्जदाराची बहीण टोरोंटोत किंवा मावशी कॅल्गरीत स्थायिक झालेली असेल, तर त्या नात्याचे गुण मिळतात हे बहुतेक घरांत ऐकून माहीत असते. परंतु कोणत्या नात्याला, कोणत्या टप्प्यावर आणि कोणत्या पुराव्यावर ते मिळतात याविषयी फार गैरसमज आढळतात आणि त्यापायी चांगले अर्ज अडतात.

नात्याला असे स्थान मिळण्यामागे इतिहास आहे. १९५१ च्या करारानुसार कॅनडा भारतातून वर्षाला केवळ १५० जणांना स्थलांतरित म्हणून घेत असे आणि १९५७ पासून ही मर्यादा ३०० झाली. १९६७ मध्ये शिक्षण, भाषा, वय, व्यवसाय यांचे मोजमाप करणारी गुणपद्धती आली, तेव्हा स्वतंत्र अर्जदाराला १०० पैकी ५० गुण आवश्यक ठरले. मात्र भाऊ, बहीण, भाचा, पुतणी अशा नातलगांसाठी ‘नामनिर्देशित नातलग’ हा वेगळा वर्ग करून त्यांना कमी निकष लावण्यात आले. नव्या देशात आपले माणूस असेल तर घर, काम आणि ओळख लवकर जमते, हा त्यामागचा विचार होता. पुढे हा वर्ग राहिला नाही, तरी तो विचार नात्याच्या गुणांच्या रूपाने टिकून राहिला.

आजच्या व्यवस्थेत परदेशातून अर्ज करणाऱ्या कुशल कामगाराला दोन वेगळ्या मोजण्यांतून जावे लागते आणि गोंधळाचे मूळ नेमके येथे आहे. पहिली मोजणी पात्रतेची असून तिच्यात १०० पैकी ६७ गुण लागतात: भाषेला २८, शिक्षणाला २५, अनुभवाला १५, वयाला १२, आधी ठरलेल्या नोकरीला १० आणि तेथे रुळण्याच्या क्षमतेला १०. या शेवटच्या घटकात कॅनडातील नातलगाचे ५ गुण येतात. नातलग एक असो वा चार, गुण पाचच. दुसरी मोजणी जानेवारी २०१५ मध्ये सुरू झालेल्या ‘एक्स्प्रेस एन्ट्री’ या व्यवस्थेतील क्रमवारीची आहे. तिच्यात पात्र ठरलेल्यांना १,२०० पैकी गुण देऊन वरच्या क्रमांकांना अर्ज करण्याचे निमंत्रण धाडले जाते. येथे नातलगाचे गुण जून २०१७ पासून मिळू लागले, तेही फक्त भावासाठी किंवा बहिणीसाठी, १५. याचा अर्थ असा की बहीण दोन्ही मोजण्यांत उपयोगी पडते, पण मावशी पात्रता मिळवून देण्यास साहाय्य करते आणि क्रमवारीत तिचा काहीही उपयोग होत नाही.

धाटावच्या कारखान्यातील ३८ वर्षांच्या एखाद्या अभियंत्याचा हिशेब कल्पून पाहिला, तर या पाच गुणांचे खरे वजन लक्षात येते. वयाचे ९, पदवीचे २१, सहा वर्षांहून अधिक अनुभवाचे १५ आणि इंग्रजीच्या चारही कौशल्यांत किमान पातळी गाठल्याचे १६ मिळून ६१ होतात; आत्याचे ५ मिळवले तरी बेरीज ६६ वर थांबते आणि एका गुणाने अर्ज अपात्र ठरतो. सोबत येणाऱ्या पत्नीने इंग्रजीची प्राथमिक पातळी गाठल्यास आणखी ५ गुण मिळून ७१ होतात, किंवा त्याने स्वतः चारही कौशल्यांत एकेक पायरी वर चढल्यास आत्याशिवाय ६५ आणि आत्यासह ७० होतात. नात्याचे गुण कमकुवत अर्जाला तारत नाहीत, ते काठावरच्या अर्जाला पलीकडे नेतात. म्हणून नातलगाच्या शोधात घालवलेल्या महिन्यांपेक्षा इंग्रजीच्या परीक्षेवर घालवलेले महिने बहुधा अधिक फळ देतात, हे स्पष्टपणे सांगितले पाहिजे.

पात्रतेच्या मोजणीत आईवडील, आजीआजोबा, मुले, नातवंडे, भावंडे, आईवडिलांची भावंडे आणि स्वतःच्या भावंडांची मुले ही नाती धरली जातात, आणि सोबत येणाऱ्या जोडीदाराची हीच नातीही तितकीच ग्राह्य असतात. आत्या, काका, मामा, मावशी यांत कायदा भेद करीत नाही, ही गोष्ट स्वागतार्ह आहे. चुलत, मामे, आते आणि मावस भावंडे मात्र, ती एकाच घरात वाढलेली असली तरी, येथे मोजली जात नाहीत. नातलग किमान १८ वर्षांचा, कॅनडाचा नागरिक किंवा कायम रहिवासी आणि प्रत्यक्ष तेथे राहणारा असावा लागतो. नागरिकत्व घेऊन पुण्यास परतलेल्या काकाचे गुण मिळत नाहीत. या गुणांसाठी नातलगाला कोणतीही आर्थिक हमी द्यावी लागत नाही, त्यामुळे त्या भीतीने कागद देण्यास कचरण्याचे कारण नाही.

खरी अडचण पुराव्याची आहे. बहीणभावाचे नाते सिद्ध करण्याचा सरळ मार्ग म्हणजे दोघांचे जन्मदाखले, ज्यांत आई किंवा वडील यांचे नाव समान आहे; मावशीसाठी अर्जदाराचा, त्याच्या आईचा आणि मावशीचा असे तीन दाखले जुळावे लागतात. पेण आणि रोह्याच्या गावांत सत्तर-ऐंशीच्या दशकांत झालेल्या जन्मांच्या नोंदींत कित्येकदा बाळाचे नावच नसते, वडिलांचे घरगुती नाव असते, किंवा एका भावाचे आडनाव म्हात्रे आणि दुसऱ्याचे पाटील लागलेले असते. त्यातच १९८१ पूर्वीच्या दाखल्यांवर जिल्हा ‘कुलाबा’ असतो आणि पारपत्रावर ‘रायगड’. जिल्ह्याचे नाव बदलले हे टोरोंटोतील अधिकाऱ्याला ठाऊक असेलच असे नाही, म्हणून ते एका ओळीच्या खुलाशाने सांगून टाकणे शहाणपणाचे ठरते.

या साऱ्याचा सर्वाधिक भार स्त्रियांच्या नावांवर पडतो. विवाहानंतर मधले नाव आणि आडनाव बदलते, काही घरांत पहिले नावही बदलले जाते, आणि मग कॅनडातील बहिणीच्या कागदांवरील नावाचा माहेरच्या नोंदीशी काहीच मेळ दिसत नाही. हा सांधा विवाह नोंदणीच्या दाखल्याने, नावबदलाच्या राजपत्राने आणि शाळा सोडल्याच्या दाखल्याने जोडावा लागतो. भावाचे नाते केवळ जन्मदाखल्यांनी सिद्ध व्हावे आणि बहिणीच्या नात्याला आणखी कागद लागावेत, हा अन्याय कॅनडाच्या नियमाचा नसून येथील नोंदींच्या रीतीचा आहे, आणि मुलींच्या नावांची नोंद सुधारून ठेवण्याचे हे एक मोठे कारण मानले पाहिजे.

जन्माची नोंद गावी झाली असेल तर ग्रामपंचायतीत, शहरात झाली असेल तर पेण किंवा रोहा अष्टमी नगरपरिषदेत शोधावी. नोंदीत नाव नसेल तर जन्म-मृत्यू नोंदणीच्या १९६९ च्या कायद्यात ते नंतर भरून घेण्याची तरतूद आहे. नोंदच सापडली नाही, तर तसा अनुपलब्धतेचा दाखला घेऊन शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा आणि तहसील कार्यालयातील गाव नमुना १४ ची नक्कल जोडता येते. मराठी कागदांचे भाषांतर अर्जदाराने किंवा त्याच्या घरच्यांनी केलेले चालत नाही, मग घरात इंग्रजीचे प्राध्यापक असले तरी.

चुलतभावाचे नाते मोजणारी व्यवस्था अन्यत्र आहे. ऑस्ट्रेलियाच्या ४९१ क्रमांकाच्या व्हिसात ठरवून दिलेल्या प्रादेशिक भागात राहणारा सख्खा चुलतभाऊदेखील पुरस्कर्ता होऊ शकतो आणि त्याचे १५ गुण मिळतात. सिडनी, मेलबर्न आणि ब्रिस्बेन ही महानगरे मात्र त्या भागात येत नाहीत.

मध्यस्थाने ‘नाते आम्ही दाखवून देतो’ असे म्हटले, तर तेथून परत फिरावे. कॅनडाच्या कायद्यानुसार खोटी माहिती दिल्यास पाच वर्षांची बंदी येते. आणि मोबदला घेऊन अर्जदाराचे प्रतिनिधित्व करणारा सल्लागार त्या देशाच्या अधिकृत नियामक मंडळाचा परवानाधारक किंवा तेथील वकील असावा लागतो. नियमही बदलत राहतात: नोकरीच्या प्रस्तावाचे क्रमवारीतील गुण २५ मार्च २०२५ पासून काढून टाकण्यात आले. निमंत्रण आल्यावर संपूर्ण अर्ज भरण्यास ६० दिवस मिळतात, आणि तहसीलच्या अभिलेख कक्षातून जुनी नक्कल काढणे, दाखल्यात नाव भरून घेणे व राजपत्रात नावबदल छापून येणे ही तिन्ही कामे त्या मुदतीत उरकतीलच असे धरून चालता येत नाही. म्हणून नाते सिद्ध करणारे कागद इंग्रजीच्या परीक्षेची तारीख घेण्याच्या सुमारासच गोळा करण्यास घ्यावेत.