नाव नसलेला पाऊस

मराठी माणसाने पावसाला जितकी नावे दिली, तितकी घरच्या जावयालाही दिली नसतील. वैशाखात दुपारी ढग जमवून तासाभरात मोकळा होणारा तो वळीव. पुनर्वसूचा तरणा, पुष्याचा म्हातारा. हस्ताचा तो हत्ती; त्याचे चित्र पाटावर मांडून मुलींनी भोवती भोंडल्याचा फेर धरायचा. पंचांगात नक्षत्रांची वाहनेही ठरलेली. बेडूक किंवा म्हैस निघाली की घरची वडीलधारी मंडळी समाधानाने मान हलवणार, गाढव निघाले की सुस्कारा टाकणार. शास्त्राच्या कसोटीला ही वाहने उतरत नाहीत, हे मीही जाणते. पण त्यामुळे पावसाला आपल्या संसारात एक जागा होती, आणि जागा सोडून येणाऱ्याला एकच शब्द पुरत असे : अवकाळी.

वर्गात हल्ली मुले वळवालाही अवकाळीच म्हणतात. मी दुरुस्त करते. वळीव आगाऊ असेल, पण घरचा आहे. त्याची वाट पाहिली जाते. अवकाळीची कोणी पाहत नाही.

२०२५ साली मात्र माझीच पंचाईत झाली. मोसमी पाऊस २६ मेलाच मुंबईत दाखल झाला. हवामान खात्याच्या हिशेबी त्याची नेहमीची तारीख ११ जून. सूर्य अजून रोहिणीत, मृगाला अवकाश. याला वळीव म्हणावे, अवकाळी म्हणावे, की सरळ पावसाळा? इकडे पुण्यात सासूबाईंनी तीन दिवस गहू भिजवून, चीक शिजवून कुरडया घातलेल्या. गच्चीवरून ताटे खाली आली. “पंख्याखाली वाळवू या की आजी,” धाकटी म्हणाली. “पंख्याच्या वाऱ्याला ऊन नसतं गं,” सासूबाई म्हणाल्या. चौथ्या दिवशी बुरशी धरली.

पावसाच्या जाण्याचेही तेच. मुंबईतून तो २९ सप्टेंबरला परततो असे पूर्वी धरीत. २०२० साली खात्याने ती तारीख ८ ऑक्टोबरवर नेली. हवा तापली की अधिक बाष्प धरते, अंशामागे सुमारे ७ टक्के. मग ते कोसळते तेव्हा धो धो कोसळते.

आम्हा शहरवासीयांच्या कुरडया गेल्या, इतकेच. माझ्या वर्गात निफाडकडची एक मुलगी होती. ‘पाऊस’ या विषयावर मी निबंध दिला, तेव्हा चाळीस वह्यांत मोर नाचले. तिच्या वहीत मोर नव्हता. २६ नोव्हेंबर २०२३ ला नाशिक जिल्ह्यात गारपीट झाली, त्या दिवसाचे तिने लिहिले होते. ऑक्टोबरात छाटलेल्या द्राक्षवेली, नुकतेच धरलेले घड, पत्र्यावर गारांचा आवाज. आवाज थांबल्यावर वडील बॅटरी घेऊन उठले, दारापर्यंत गेले आणि परत येऊन बसले. बागेत ते सकाळीच गेले. एवढेच, पुढे एकही विशेषण नाही. मी पैकीच्या पैकी गुण दिले. त्या वर्षीची तिची फी मावशीने भरली.

पुढच्या वर्षी मी तिला विचारले, “आता छाटणीची तारीख कशी ठरवतात गं तुझे वडील?”

“ठरवत नाहीत, मॅडम. अर्धी बाग आधी छाटतात, अर्धी पंधरा दिवसांनी. एक तरी वाचावी म्हणून.”