मिरजेची तीन गेज आणि पायथनची एक एरर

लखनौच्या मानक नगरात भारतीय रेल्वेची ‘आरडीएसओ’ ही संस्था आहे. १९५७ साली दोन जुन्या संस्था एकत्र करून ती उभी राहिली. गाडीचा डबा, रूळ, सिग्नल कसे असावेत याची प्रमाणं ठरवणं हे तिचं काम. हिंदीत मानक म्हणजे प्रमाण, त्यामुळे पत्ता अगदी शोभेसा.

मापं जुळली नाहीत की काय होतं, हे मिरजकरांना लखनौला न जाताच कळलं होतं. १९७१ नंतर पुण्याहून ब्रॉडगेज, दक्षिणेकडून मीटरगेज आणि कुर्डुवाडीकडून नॅरोगेज अशा तिन्ही गाड्या मिरजेत यायच्या. रुळांमधलं अंतर १६७६, १००० आणि ७६२ मिलिमीटर. डबा धडधाकट, रूळही धडधाकट, पण या रुळावरचा डबा त्या रुळावर जायचा नाही.

विंडोजवर पायथनचा प्रोग्राम चालवताना ‘डीएलएल लोड फेल्ड’ अशी एरर येते, तेव्हा पुष्कळदा हीच भानगड असते. पुढे ‘नॉट अ व्हॅलिड विन३२ ॲप्लिकेशन’ असं लिहिलेलं दिसलं, की माणूस फाइल खराब समजून ती पुन्हा डाउनलोड करतो. पुन्हा तेच. कारण पायथन ३२ बिटचा आणि लायब्ररी ६४ बिटची. एकाकडे मेमरीतला पत्ता चार बाइटचा, दुसरीकडे आठ बाइटचा. एकाच प्रोसेसमध्ये दोघांचं जमत नाही. (विंडोजचीही कमाल अशी, की ६४ बिटच्या फाइली ‘सिस्टम३२’ नावाच्या फोल्डरात आणि ३२ बिटच्या ‘सिसवाऊ६४’मध्ये!)

बिट जुळले तरी आवृत्ती आडवी येते. नमपायसारख्या लायब्ररीचा बराच भाग सी भाषेत लिहून आधीच कंपाइल केलेला असतो. फाइलच्या नावात ‘सीपी३११’ असेल, तर ती सहसा पायथन ३.११ साठीच बांधलेली, ३.१२ तिला उचलणार नाही. जून २०२४ मध्ये नमपाय २.० आली, तेव्हा १.x वर कंपाइल झालेली कित्येक मॉड्यूल्स अशीच अडली. ती मॉड्यूल्स नव्याने बांधून येईपर्यंत नमपाय दोनच्या खाली ठेवणं हा सोपा उपाय होता.

सर्वांत जास्त घोळ मात्र एकाच मशीनवर दोन पायथन असले की होतो. एक अ‍ॅनाकोंडाबरोबर आलेला, दुसरा स्वतंत्रपणे टाकलेला. ‘पिप’ लायब्ररी एकात टाकतं आणि प्रोग्राम दुसऱ्यात चालतो. कमांड प्रॉम्प्टवर ‘व्हेअर पायथन’ दिलं की पाथमधले सगळे पायथन ओळीने दिसतात. त्यातला पहिला चालतो. म्हणून नुसतं ‘पिप’ न देता ‘पायथन’, त्यापुढे ‘हायफन एम पिप’ असं द्यावं, म्हणजे ज्या पायथनला हाक मारली त्याच्याच घरात सामान पडतं. प्रत्येक कामाला वेगळं व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट केलं तर आणखी बरं. पण मित्राच्या मशीनवरून लायब्ररीचा फोल्डर पेनड्राइव्हवर उचलून आणणं, हा उद्योग साफ बंद करावा.

आणि इतकं करूनही अडलंच, तर मदत मागताना ‘चालत नाही हो’ एवढंच म्हणू नका. पायथनची आवृत्ती, त्याचे बिट, तो कुठल्या फोल्डरात आहे आणि एररची शेवटची ओळ जशीच्या तशी कळवा.