कारखान्याचें छप्पर आणि शहराचा नाला

पावसाच्या पाण्याचें काय होतें, असें एखाद्या शेतकऱ्याला विचारलें, तर तो सांगेल कीं, कांहीं मुरतें, कांहीं साचतें आणि उरलेलें ओढ्याला मिळतें. हाच प्रश्न शहराच्या अभियंत्याला विचारला, तर उत्तर निराळें येईल. शहरांत मुरण्यास माती नाहीं आणि साचण्यास मोकळी जागा नाहीं; म्हणून पडलेला जवळजवळ प्रत्येक थेंब नाल्याचा पाहुणा होतो. जेथें कारखाने उभे राहतात तेथें ही गोष्ट अधिकच जाणवते. कारखान्याला विस्तीर्ण छप्पर लागतें, गोदामें लागतात, मालमोटारींना वळण्यासाठीं फरसबंद अंगण लागतें. ह्या छपराखालीं संपत्ति निर्माण होते, हें खरें. परंतु छपरावरचें पाणी वाहून नेणाऱ्या नाल्याचा खर्च कोणीं सोसावा? प्रश्न वरवर हिशेबाचा दिसतो. वस्तुतः तो न्यायाचा आहे.

प्रथम हिशेबच पाहावा. एक हेक्टर, म्हणजे सुमारें अडीच एकर जागा घेतली, तीवर तासाला २५ मिलिमीटर पाऊस पडला आणि त्यांतील निम्मा मातींत मुरला, तर नाल्याकडे तासाला १२५ घनमीटर पाणी येतें. तीच जागा पत्र्यानें व सिमेंटानें झांकली, आणि पाऊस तासाला ५० मिलिमीटर धरला, तर पाणी ५०० घनमीटर होतें. पाऊस दुप्पट, पाणी मात्र चौपट! हीं मापें काल्पनिक नव्हेत. मुंबईचे जुने नाले पहिल्या मापानें बांधलेले होते. पुढें नव्या योजनेला दुसरें माप धरावें लागलें.

मुंबईची घडणच ह्या बाबतींत अवघड आहे. सात बेटांमधील खाड्या बुजवून हें शहर उभें राहिलें, आणि परळ-लालबागच्या गिरण्यांनीं त्याला वैभव आणलें. पण भराव टाकलेली ही जमीन सखल राहिली. नाल्यांचीं बहुतेक मुखें भरतीच्या पातळीखालीं असल्यामुळें समुद्र चढला कीं नाल्याचें पाणी बाहेर पडूं शकत नाहीं. तेव्हां मुखाशीं दरवाजे लावून पंपांनीं पाणी उपसणें, हाच उपाय उरतो. उद्योग पुढें उत्तरेकडे उपनगरांत पसरले, तेव्हां तेथील पाण्याची वाट म्हणजे मिठी नदी. विहार व पवई तलावांचें सांडपाणी घेऊन ती निघते आणि मरोळ, साकीनाका, कुर्ला अशा उद्योगांनीं गजबजलेल्या भागांतून सुमारें १८ किलोमीटर वाहत माहीमच्या खाडीला मिळते. तिच्या कांठावर कारखाने, गोदामें आणि कामगारांच्या वस्त्या दाटल्या, भराव पडले, पात्र आवळत गेलें. पाणी वाढत होतें आणि वाट अरुंद होत होती.

ह्याची जाणीव कोणालाच नव्हती असें नाहीं. १९८५ सालच्या पुरानंतर शहराच्या पर्जन्यजलवाहिन्यांचा अभ्यास हातीं घेण्यांत आला, आणि १९९३ सालीं त्याचा अहवाल तयार झाला. ‘ब्रिमस्टोवॅड’ ह्या नांवानें तो ओळखला जातो. तासाला ५० मिलिमीटर पावसाचें पाणी नेतील असे नाले आणि भरतीच्या वेळीं पाणी उपसणारीं पंपघरें, हा त्याचा गाभा होता. अंदाजी खर्च होता ६१६ कोटि रुपये. एवढा पैसा आणावा कोठून, ह्या प्रश्नाशीं योजना अडली आणि पुढील बारा वर्षांत थोडेंच काम झालें.

२६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझ येथें चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला. त्याच वेळीं दक्षिणेस कुलाब्याला तो शंभर मिलिमीटरही नव्हता. शहरांत चारशेंहून अधिक माणसें दगावलीं. मिठीकांठच्या कारखान्यांत यंत्रें बुडालीं, कच्चा माल कुजला. रोजंदारीच्या कामगाराचें घर आणि काम दोन्हीं एकाच पाण्याखालीं गेलीं. एका तासांत १९० मिलिमीटर पडलेला तो पाऊस ५० मिलिमीटरांच्या नाल्यालाही झेपला नसता, हें प्रांजळपणें सांगितलें पाहिजे. तथापि मोठे नाले व पंपघरें असतीं, तर पाणी ओसरण्यास एवढा विलंब लागला नसता, हेंही तितकेंच खरें.

त्यानंतर चक्रें फिरलीं. माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखालील समितीनें पुराच्या कारणांचा शोध घेतला, आणि २००७ सालीं केंद्र सरकारनें १,२०० कोटि रुपयांचें सहाय्य मंजूर केलें. हाजी अली, इर्ला, लव्हग्रोव्ह, क्लीव्हलँड बंदर, ब्रिटानिया आणि गझदरबंध येथील पंपघरें एकामागून एक उभीं राहिलीं. मात्र ६१६ कोटींचा अंदाज केव्हांच मागें पडला होता. दरम्यान मजुरी वाढली, सामान महागलें, आणि नाल्याच्या कडेला नवीं बांधकामें झालीं. त्यांचें स्थलांतर हाच एक मोठा खर्च होऊन बसला. नाला उशिरा बांधला म्हणजे तो महाग पडतो, आणि मधल्या काळाची किंमत पुरांत सांपडलेले लोक वेगळी भरतात.

आतां अशा कामाला पैसा उभारण्याच्या वाटा पाहूं. पहिली वाट अनुदानाची. ती सोपी खरी, पण अनुदान बहुधा संकटानंतर येतें आणि बांधणीपुरतें येतें. नाल्यांतला गाळ मात्र दरवर्षीं पावसाळ्यापूर्वीं काढावा लागतो. दुसरी वाट कर्जाची. अहमदाबाद महापालिकेनें १९९८ सालीं, राज्य सरकारची हमी न घेतां, पाणीपुरवठा व मलनिःसारणासाठीं १०० कोटि रुपयांचे कर्जरोखे विकून ती दाखवून दिली. परंतु कर्ज फेडण्यास नियमित उत्पन्न हवें. तें सामान्य करांतून आणावें, तर तेथेंही एक विसंगति आहे. मालमत्तेचा कर मूल्यावर आकारला जातो, पाण्यावर नव्हे. उंच कचेरीचें मूल्य मोठें, पण तिचें छप्पर लहान. एकमजली गोदामाचें मूल्य कमी, पण तें नाल्यांत ओततें तें पाणी कितीतरी पट.

ही विसंगति दूर करणारी तिसरी वाट अमेरिकेंतील फिलाडेल्फिया शहरानें स्वीकारली. तेथें पावसाच्या पाण्याची आकारणी पूर्वीं नळाच्या मीटरच्या आकारावरून होत असे. मीटरच नसलेलें वाहनतळ त्यामुळें अलगद सुटत असे. २०१० सालापासून घरगुती नसलेल्या मिळकतींना, मुख्यतः झांकलेल्या जमिनीच्या क्षेत्रफळावर आकार लागू झाला. मोठ्या गोदामांचीं बिलें वाढलीं आणि तक्रारी उठल्या. म्हणून वाढ चार वर्षांत विभागली गेली, आणि जो आपल्या आवारांत पाणी मुरवील किंवा अडवून सावकाश सोडील त्याला सूट ठेवली. ह्या सुटींतच योजनेचें मर्म आहे. कारखानदार हिशेबी असतो. अंगणांत एक शोषखड्डा खणणें बिलापेक्षां स्वस्त पडत असेल, तर तो खणतो, आणि तेवढा भार सार्वजनिक नाल्यावरून उतरतो.

असा विचार महाराष्ट्राला परका नाहीं. १९१५ सालच्या मुंबई नगररचना कायद्यानेंच, सार्वजनिक सुधारणेमुळें ज्याच्या जमिनीचें मूल्य वाढतें त्यानें त्या वाढींतून खर्चाचा वांटा द्यावा, हें तत्त्व मान्य केलें होतें. नाला झाल्यामुळें बुडीत जमीन कारखान्याजोगी होते. मग त्या लाभांतून नाल्याला कांहीं देणें यांत अन्याय कसला?

अर्थात् दोन पथ्यें पाळावीं लागतील. कुर्ल्याच्या गल्लींतील लहान कार्यशाळेला मोठ्या गोदामाच्या दरानें मोजूं नये. आणि नाल्याच्या नांवानें घेतलेला पैसा नाल्यावरच खर्चावा, दुसऱ्या कामाकडे वळवूं नये. हीं पथ्यें पाळलीं तर कर जड वाटला तरी अन्यायाचा वाटणार नाहीं.

नाला वर्षाचे आठ महिने कोणाला आठवत नाहीं, आणि उरलेल्या चार महिन्यांत त्याचा विसर पडत नाहीं. त्याची तरतूद मात्र त्या आठ महिन्यांतच व्हावी लागते. उतारावरून येणारें पाणी वरच्या छपराचा मालक कोण हें विचारीत नाहीं. तें खालच्या घरांत शिरतें. म्हणून हा प्रश्न पाण्याच्या वतीनें शहरानेंच विचारावयाचा असतो, आणि तो छप्पर घालण्यापूर्वीं विचारावयाचा असतो.