सामाईक भिंत : जुन्या नाशकातील वाड्यांचा आधार

जुन्या नाशकात तिळभांडेश्वर गल्ली किंवा तांबट आळीतून चालताना दोन वाड्यांमध्ये हातभर बोळही क्वचितच आढळतो. ओट्याला ओटा, भिंतीला भिंत. पेशवाईतला सरकारवाडा ऐसपैस आहे. गल्लीतले हे वाडे मात्र दाटीचे. शहर गोदाकाठच्या टेकाडांवर वसलेले, म्हणजे जागा मुळातच थोडी. त्यात १८६९ साली नाशिक स्वतंत्र जिल्हा झाला. कचेऱ्या आल्या, रेल्वेमुळे व्यापार वाढला, वस्ती दाटली.

अशा वाड्याचे तोंड अरुंद आणि लांबी भरपूर. दोन्ही बाजूंना शेजार असल्याने खिडक्या काढायला जागा नाही. म्हणून पोटात चौक सोडलेला असतो. तापलेली हवा चौकातून वर जाते आणि गल्लीतली गार हवा दारातून आत ओढली जाते. उजेड आणि वारा या दोन्हींची सोय माजघरापर्यंत होते.

घराचे खरे ओझे पेलतो तो सागवानी सांगाडा. दोन खांबांमधले अंतर म्हणजे खण. घर किती खणांचे, यावर त्याचे माप ठरे. ओल लाकडात चढू नये म्हणून खांब दगडी तळखड्यावर उभा करीत. जोत्याला काळा दगड, वर मातीत रचलेल्या विटा, त्यावर चुन्याचा गिलावा.

दोन वाड्यांमधली सामाईक भिंत पाऊस झेलण्यासाठी बांधलेलीच नसते, कारण तिच्या दोन्ही अंगांना घर असते. बरेचदा दोन्हीकडच्या तुळयांची टोके तिच्यातच विसावतात. शेजारचा वाडा पाडला की ही भिंत उघडी पडते. एक-दोन पावसाळ्यांत माती धुपते, तुळयांची टोके कुजतात, बाजूचा रेटाही नाहीसा होतो. मग वाडा कोसळतो आणि दोष त्याच्या वयाला दिला जातो.

दुसरे कारण भाड्याचे. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी गोठली. भाडेकरूंना छप्पर टिकले, पण त्या भाड्यात कौले चाळण्याचाही खर्च निघेना. फुटके कौल तसेच राहिले, पाणी तुळईत मुरत गेले. डागडुजी केली तीही अनेकदा सिमेंटने. सिमेंटचा थर मातीच्या भिंतीतली ओल आत कोंडतो.

दर पावसाळ्यापूर्वी महापालिका धोकादायक वाड्यांना नोटिसा देते. नोटीस एका वाड्यापुरती असते. भिंत मात्र दोघांची. म्हणून वाडा पाडण्याआधी शेजारच्या भिंतीला टेकू देणे, उघड्या अंगाला चुन्याचा गिलावा करणे आणि तिच्या पायथ्याचे पाणी वळवणे ही कामे पाडकामाचाच भाग मानायला हवीत. वाडा जपायचा असेल तर हिशेब एकेका घराचा नव्हे, अख्ख्या रांगेचा मांडावा लागेल. त्या रांगेत आजही बिऱ्हाडे नांदत आहेत.