हळद, कर्करोग आणि पेशीतली कात्री

माघ-फाल्गुन आला की वसमत, कळमनुरी, औंढा भागात हळदीची काढणी लागते. काढणीला, वेचणीला आपल्याच आया-बहिणी रोजाने जातात. हिंगोलीच्या संत नामदेव मार्केट यार्डात गाड्यांच्या रांगा लागतात. वसमतच्या हळदीला 2024 साली भौगोलिक मानांकनही मिळाले. अशा जिल्ह्यात ‘हळदीने कॅन्सर बरा होतो, शास्त्रज्ञांनी सिद्ध केले’ हा मोबाईलवरचा निरोप लोकांना पटकन पटतो. आरोग्यावर बोलायला आम्ही विहारात बसलो की हा प्रश्न हमखास येतो. कालाम सुत्त आपण वाचतो, तर हा दावाही तपासून पाहू.

त्यासाठी पेशीच्या आत जावे लागेल. पेशीत खराब झालेले किंवा काम संपलेले प्रथिन मोडीत काढायचे असते. त्यावर युबिक्विटिन नावाच्या छोट्या प्रथिनाची साखळी खुणेसाठी अडकवली जाते. एक युबिक्विटिन म्हणजे 76 अमिनो आम्लांचा मणी. खूण पाहून प्रोटिएसोम नावाचे यंत्र ते प्रथिन आत ओढते आणि त्याचे तुकडे करते. या शोधासाठी सिचॅनोव्हर, हर्शको आणि रोझ यांना 2004 चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले.

पण मणीही मोडीत गेले तर रोज नवे कुठून आणायचे? म्हणून यंत्राच्या तोंडाशी साखळी कापून घेणारे विकर, म्हणजे एन्झाइम, बसलेले असते. त्याचे नाव यूएसपी-14. ते 494 अमिनो आम्लांचे आहे. त्याचा एक छोटा भाग युबिक्विटिनसारखाच दिसतो. त्याने ते यंत्राला धरून राहते. मोठा भाग हाताच्या पंजासारखा असतो: बोटे, तळवा, अंगठा. बोटांनी मणी धरायचा आणि तळवा-अंगठ्याच्या खाचेत सिस्टीन नावाच्या अमिनो आम्लाने जोड तोडायचा. विकर मोकळे असताना दोन वळसे या खाचेवर आडवे येतात, त्यामुळे कात्री जवळपास बंद असते. यंत्राला चिकटल्यावर ती शेकडो पटींनी जोरात चालते. भलत्या ठिकाणी कापाकापी होऊ नये, अशी ही सोय आहे. ज्या उंदरांत हे विकर फार कमी असते त्यांच्या मज्जातंतूंत युबिक्विटिनचा तुटवडा पडतो, अंग थरथरते.

माणसात साखळी कापणारी अशी शंभराच्या आसपास विकरे आहेत. आता हळदीकडे येऊ. हळदीतले कुरक्युमिन अशा विकरांचे काम अडवते, असे 2002 साली प्रयोगशाळेतल्या पेशींवर दिसले. साखळ्या कापल्या गेल्या नाहीत की पेशीत खुणा लावलेला कचरा साचतो आणि पेशी मरते. म्हणजे निरोपातला धागा अगदीच खोटा नाही. खोटे आहे ते पुढचे.

काचेच्या बशीत कुरक्युमिन थेट पेशींवर टाकतात. पोटातून घेतलेले फारसे रक्तात उतरतच नाही. शंभर ग्रॅम हळदीत ते साधारण 2 ते 5 ग्रॅम असते. रुग्णांना रोज 8 ग्रॅम शुद्ध कुरक्युमिन देऊन पाहिले, तरी रक्तात अत्यल्प सापडले. तेवढे हळदीतून घ्यायचे तर दिवसाला जवळपास पाव किलो हळद खावी लागेल! शिवाय ते एकाच विकराला धरत नाही, अनेक प्रथिनांना चिकटते. भाजीत हळद घाला, खुशाल घाला. औषध म्हणून तिच्यावर विसंबू नका.

आम्हाला काळजी आहे ती वाया जाणाऱ्या महिन्यांची. आपल्याकडे तंबाखू-गुटख्याने तोंडाचा कर्करोग होतो. सुरुवातीला तो फक्त चट्टा किंवा जखम असतो. दोन-तीन आठवड्यांत जखम भरली नाही, तोंड कमी उघडू लागले, तर हळद लावत बसू नये; जिल्हा रुग्णालयात दाखवावे. पुढच्या उपचारासाठी छत्रपती संभाजीनगरला शासकीय कर्करोग रुग्णालय आहे, आणि महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाचे अनेक उपचार विनामूल्य होतात. रेशनकार्ड व आधार सोबत न्यावे. हळदीच्या कॅप्सूल चालू असतील तर तेही डॉक्टरांना सांगावे. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांशी त्यांचे जमत नाही, आणि काहींच्या यकृताला त्यांनी इजा केली आहे.