अपठित जाळ्याचे वाचन

परीक्षेतील अपठित उताऱ्याचा प्रश्न आपल्या परिचयाचा आहे. तिथे उतारा नवा असतो. तपासले जाते ते वाचनाचे कौशल्य. एका जाळ्यावरून शिकलेल्या यंत्राला कधीही न पाहिलेले जाळे समजेल काय, हा प्रश्नही याच स्वरूपाचा आहे.

जाळे म्हणजे बिंदू आणि त्यांना जोडणारे दुवे. ठाण्याच्या घोडबंदर रोडवरील कापूरबावडी, मानपाडा, पातलीपाडा, वाघबीळ, कासारवडवली हे बिंदू मानले, तर त्यांमधील रस्त्याचे तुकडे हे दुवे होत. ‘मानपाड्याला वाहने तुंबतात’ एवढेच यंत्राने पाठ केले, तर ते फसेल. कारण कल्याण-शीळ रस्त्यावर डोंबिवलीजवळही एक मानपाडा आहे. मात्र ‘पुढचा चौक तुंबला की थोड्या वेळाने मागचाही तुंबतो’ हा संबंध त्याला उमगला, तर तो दोन्हीकडे उपयोगी पडेल.

यासाठी प्रत्येक बिंदू आपल्या शेजाऱ्यांची माहिती गोळा करतो आणि ती स्वतःच्या माहितीत मिसळतो. ही क्रिया दोनदा केली की शेजाऱ्याच्या शेजाऱ्याचीही माहिती पोहोचते. मिसळण्याचा नियम सर्व बिंदूंसाठी एकच असल्याने बिंदूचे नाव गौण ठरते. २०१७ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातील हॅमिल्टन, यिंग आणि लेस्कोवेक यांनी मांडलेली ‘ग्राफसेज’ ही पद्धत याच तत्त्वावर उभी आहे. मानवी ऊतींमधील प्रथिनांच्या काही जाळ्यांवर तिला शिकवून, न दाखवलेल्या जाळ्यांवर तिची परीक्षा घेण्यात आली.

भाषेतही आपण हेच करतो. ‘पाडा’चे ‘पाड्याला’ होते, हे ठाऊक असलेला मराठी भाषक ‘मानपाड्याला’ हे रूप सहज घडवतो. परंतु ‘बीळ’चे ‘बिळाला’ होत असले, तरी आपण ‘वाघबीळला’ असेच म्हणतो. सामान्यनामांचा नियम ग्रामनामांच्या क्षेत्रात काही ठिकाणी टिकतो, काही ठिकाणी अडतो.

क्षेत्र पूर्ण बदलले की अडचण वाढते. मराठी वर्डनेट हेही जाळेच आहे. त्यात समानार्थी शब्दांचे संच हे बिंदू, तर अर्थसंबंध हे दुवे असतात. तिथे वेग नाही, मार्गिका नाहीत. रस्त्यावर कोंडी पुढून मागे सरकते. शब्दजाळ्यात ‘पक्षी’चे गुणधर्म ‘चिमणी’कडे उतरतात. दुव्यांची संख्या आणि बिंदूंमधील अंतर यांसारखी रचना दोन्हीकडे मोजता येते, पण दुव्याचा अर्थ वेगळा असतो. म्हणून यंत्राच्या यशाचा आकडा वाचताना प्रथम विचारावे : परीक्षेतील जाळे खरोखर अपठित होते काय, आणि ते किती दूरच्या क्षेत्रातील होते?

स्वाध्याय : आपल्या परिसरातील पाच ग्रामनामांना ‘ला’ प्रत्यय लावा. सामान्यनामांचा नियम कोठे टिकतो व कोठे अडतो, ते सकारण लिहा.